दरकदार : पेशवाईंतील हिशेबी देखरेखीचा अधिकार व कारकुनाची त्याकडे जाणारी वाट

१. जुन्या घराण्यांचीं दप्तरें उघडून पाहण्याचा प्रसंग ज्यांस आला आहे त्यांस हा अनुभव असेलच कीं, रुमाल सुटल्याबरोबर पाहणाराची दृष्टि प्रथम शिक्क्याकडे जाते. शिक्क्याचें पत्र, सनद, अभयपत्र, एखाद्या प्रख्यात पुरुषाच्या हातची चार ओळींची चिठी, इतकें बाजूस निघतें. आणि ज्यांवर नुसते आंकडे आहेत असे लांबच लांब बंद 'हिशेबी कागद' या एका नांवाखालीं पुन्हा बांधले जातात. बांधले गेले तर तें भाग्यच म्हणावयाचें. कांहीं वर्षांपूर्वीं एका घरीं आम्हांस वरातेचा एक उत्तम कागद पाहावयास मिळाला. रक्कम, ज्या मामलतीवर ती लावून दिली ती मामलत, आणि ज्यास द्यावयाची त्याचें नांव, सर्व स्वच्छ होतें. परंतु ती रक्कम त्यास पोंचली कीं नाहीं, हें मात्र आम्हांस कळूं शकलें नाहीं. त्याच मामलतीच्या कीर्दीचे बंद त्या घरांत दोन पिढ्या पडून होते; त्यांवर शिक्का नाहीं म्हणून ते रद्दींत गेले असें घरच्या मंडळींनींच सांगितलें. शिक्क्याचा कागद हुकूम काय झाला तें सांगतो. हुकूम अंमलांत आला कीं नाहीं तें कीर्द सांगते. वरात हातीं राहिली, आणि तिची साक्ष गेली.

या साक्षी लिहून ठेवणारा जो सरकारी नोकरांचा वर्ग, त्यास पेशवाईंत दरकदार म्हणत. दरकदार म्हणजे कोण, त्यांचें काम कोणतें, साधा कारकून त्या जागेपर्यंत कसा चढे, आणि ही व्यवस्था कोठें बळकट व कोठें दुबळी होती, हें या लेखांत सांगण्याचा विचार आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, दरकदाराचें सामर्थ्य त्याच्या वेतनांत किंवा मानमरातबांत नव्हतें. ज्याच्या कारभारावर नजर ठेवावयाची त्याच्या हातीं त्याची भाकर नव्हती, यांत तें होतें. ही गोष्ट लक्षांत आली म्हणजे हिशेबी कागदांवरील निरनिराळ्या हातांच्या अक्षरांचा अर्थ आपोआप उलगडूं लागतो.

२. प्रथम शब्दांचा विचार करूं. दरक म्हणजे सरकारी हुद्दा, व तो धारण करणारा तो दरकदार. या हुद्द्यांच्या नांवांच्या शेवटीं बहुधा 'नीस' हें पद येतें. तें फारशी 'नवीस', म्हणजे लिहिणारा, याचें मराठी रूप होय. पोतें म्हणजे खजिना, त्याचें लिहिणें ठेवणारा तो पोतनीस. चिठ्या लिहिणारा तो चिटणीस. फडणीस या शब्दाचें मूळ कांहीं जण फर्दनवीस असें मानतात, कांहीं जण तो 'फड' या शब्दाशीं जोडतात. मुजुमदार हा 'मजमू' म्हणजे एकंदर बेरीज या शब्दावरून आलेला, म्हणजे बेरीज ज्याच्या ताब्यांत तो. सारांश, हे सर्व हुद्दे लेखणीचे आहेत. तलवारीचा त्यांत एकही नाहीं. असें असतां तलवारीच्या मनुष्यावरही त्यांची नजर असे, हें या व्यवस्थेंतील मर्म आहे.

३. ही कल्पना पेशव्यांची नवी नव्हे. शिवाजीमहाराजांच्या किल्ल्यांच्या व्यवस्थेंत ती स्पष्ट दिसते. कृष्णाजी अनंत सभासद यानें आपल्या बखरींत किल्ल्यावरील हवालदार, सबनीस व सरनोबत हे तिघे एका प्रतीचे करून त्यांनीं मिळून कारभार करावा अशी योजना सांगितली आहे, आणि अंबार व इतर सामग्री यांचें लिहिणें कारखानिसाकडे दिल्याचें नमूद केलें आहे. एकाच्या हातीं किल्ला नाहीं, एकाच्या हातीं लेखणीही नाहीं. फितवा करावयाचा तर तिघांनीं एक व्हावयास पाहिजे. रामचंद्रपंत अमात्याच्या आज्ञापत्रांत किल्ल्यावरील या अधिकाऱ्यांच्या ठराविक वर्षांनीं बदल्या कराव्या असें सांगितलें आहे, त्याचाही हेतु हाच.

अष्टप्रधानांतही लेखणीचे दोन प्रधान याच कामाचे होते. राज्याचा एकंदर जमाखर्च पाहणारा मुजुमदार यास अमात्य, आणि राजपत्रांतील मजकूर शोधून त्यांतील अधिकउणें दुरुस्त करणारा सुरनीस यास सचिव, अशीं संस्कृत नांवें राज्याभिषेकाच्या सुमारास, म्हणजे १६७४ च्या आसपास, रूढ झालीं. रघुनाथपंडिताचा राज्यव्यवहारकोश याच खटपटीचें फळ होय. पुढें अमात्य व सचिव यांचीं घराणीं संस्थानिक बनलीं व मूळचें लेखणीचें काम मागें पडलें. परंतु तपासणाराचा अधिकार करणाराच्या अधिकाराहून निराळा असावा हा नियम मात्र नाहींसा झाला नाहीं. पेशवाईंत तो मामलतींच्या कचेऱ्यांतून उतरला.

४. पेशव्यांच्या मामलतदाराच्या हाताखालीं सामान्यतः आठ दरकदार असत : दिवाण, मुजुमदार, फडणीस, दप्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद व चिटणीस. लहान महालांत हीं सर्व माणसें नसत. तेथें हवालदार, मुजुमदार व फडणीस एवढ्यांवर काम भागे. यांचीं कामें कशीं वांटलेलीं होतीं तें एका रकमेच्या वाटेनें गेलें म्हणजे चांगलें ध्यानांत येईल.

समजा, मामलतदारास कोणास कांहीं रक्कम द्यावयाची आहे. चिटणिसानें पत्र लिहावें. येणाऱ्या पत्रांचीं उत्तरें देणें हेंही त्याचेंच काम. दिवाण हा मामलतदाराचा कारभारी. प्रत्येक पत्रावर व हुकुमावर त्याची निशाणी पाहिजे. नंतर कागद मुजुमदाराकडे जावयाचा. सनदा, हुकूम व हिशेब फडणिसाकडे जाण्यापूर्वीं मुजुमदारानें मान्य केले पाहिजेत असा दंडक होता. फडणिसानें त्यावर तारीख घालावयाची, आणि दिवसाच्या कच्च्या कीर्दींत तो व्यवहार चढवावयाचा. पैशाच्या थैल्यांवर चिठ्या बांधणें, गांवांच्या सालाबादच्या जमाबंदीच्या कागदांवर तारखा घालणें, आणि वर्ष संपल्यावर वह्या हुजुरांत घेऊन जाणें हींही फडणिसाचींच कामें. त्या कच्च्या कीर्दीवरून दप्तरदारानें खतावणी तयार करावयाची व दर महिन्यास तिची तेरीज हुजुरांत पाठवावयाची. पोतनिसानें वसूल किती आला व शिल्लक किती राहिली याचें लिहिणें ठेवावयाचें, व कीर्द आणि खतावणी लिहिण्यास साह्य करावयाचें. पोतदार हा नाण्यांचा पारखी. आणि पोतदार एकटा नसून कचेरींत नेहमीं दोन असत. ज्या काळीं चांदवडी, अंकुशी, मल्हारशाही अशीं नाना प्रकारचीं नाणीं एकाच थैलींत येत, व प्रत्येकाचा बट्टा निराळा असे, त्या काळीं पारखी दोन कां ठेवले हें निराळें सांगावयास नको. सभासदाकडे किरकोळ तंट्यांची नोंद ठेवून त्यांची हकीकत मामलतदारास कळविण्याचें काम असे.

या रचनेंत दोन गोष्टी विशेष लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली अशी कीं, एकच रकम निदान तीन ठिकाणीं, तीन हातांनीं लिहिली जात असे : फडणिसाची कीर्द, दप्तरदाराची खतावणी, आणि पोतनिसाची शिल्लक. तिघांचा मेळ न बसला तर चूक कोठें तरी आहेच. दुसरी अशी कीं, हुकुमावरील तारीख हुकूम देणाराच्या माणसाच्या हातची नसून फडणिसाच्या हातची असे. मागील तारखेचा हुकूम मागाहून तयार करून खर्चाचा झाडा जमविणें ही लबाडी सर्व काळीं सर्व देशांत चालत आलेली आहे. तारीख दुसऱ्याच्या हातीं देणें हा तिच्यावरील उपाय असावा, असें आम्हांस वाटतें.

आतां मुख्य मुद्दा. हे दरकदार मामलतदाराच्या हाताखालीं असले तरी त्याचे नोकर नव्हते. त्यांची नेमणूक हुजुरांतून होई, आणि त्यांस दूर करण्याचा अधिकार मामलतदारास नसे. प्रत्येकाचें काम ठरलेलें. त्याबाहेरचें काम मामलतदारानें सांगितलें तर तें करण्यास तो बांधलेला नसे, आणि त्याच्या दरकाचें काम त्यास वगळून परस्पर करून घेण्याची मामलतदारासही मोकळीक नसे. कारभारांत कांहीं वांकडें दिसलें तर दरकदारानें तें प्रथम मामलतदाराच्या नजरेस आणावें, त्यानें दाद न दिल्यास वर कळवावें, असा मार्ग होता. म्हणजे एकाच कचेरींत, एकाच बैठकीवर, हुकूम करणारा व हुकुमाची साक्ष ठेवणारा असे दोघे शेजारीं बसत, आणि दोघांचा धनी पुण्यास असे.

५. आतां अशा जागेवर मनुष्य कसा येई तें पाहूं. प्रारंभ बहुतेकांचा सारखाच. घरीं किंवा पंतोजीपाशीं धुळाक्षरें, मग मोडीचा कित्ता, पाढे, पावकी-निमकीपासून अपूर्णांकांची उजळणी. इतकी शिदोरी घेऊन मुलगा एखाद्या आप्ताच्या ओळखीनें कचेरींत उमेदवार म्हणून बसे. उमेदवार नकला करी, बंद चिकटवी, बेरजा पडताळी. हात बसला, अक्षर वळणदार निघालें, आणि मुख्य म्हणजे कचेरींतील गोष्ट बाहेर नेत नाहीं अशी खात्री पटली, म्हणजे कारकुनी मिळे. कारकुनापासून दरकापर्यंतची वाट मात्र सर्वांस सारखी मोकळी नव्हती. दरक हे कालांतरानें बहुधा वंशपरंपरेचे झाले; बापामागें मुलास चालावे असा प्रघात पडला. नव्या मनुष्यास दरक मिळावयाचा तो एक तर नवीन मुलूख हातीं आल्यामुळें नवीन कचेरी उभी राहिली म्हणजे, किंवा धन्याच्या उदयाबरोबर त्याच्या विश्वासू माणसाचाही उदय झाला म्हणजे.

या दुसऱ्या प्रकारचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण भानू घराण्याचें होय. श्रीवर्धनचे भट आणि बाणकोटच्या खाडीपलीकडील वेळासचे भानू हीं दोन्ही घराणीं सिद्दीच्या उपद्रवानें कोंकण सोडून वर आलीं. बाळाजी विश्वनाथ हा धनाजी जाधवाच्या पदरीं वसुलाच्या कामावरील कारकून होता. तेथून सरसुभेदार, पुढें सेनाकर्ते, आणि १७१३ त पेशवा, अशा पायऱ्या तो चढला. तो पेशवा झाल्यानंतर फडणिशी भानूंच्या घरांत आली. बाळाजी महादेव भानू हा पेशव्याबरोबर दिल्लीस गेला असतां १७१९ च्या दंग्यांत तेथेंच मारला गेला. त्याचा पुत्र जनार्दनपंत, आणि जनार्दनपंताचा पुत्र बाळाजी जनार्दन, म्हणजेच आपल्या सर्वांच्या परिचयाचे नाना फडणीस. नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजीं साताऱ्यास झाला. १७५६ त वडील वारले तेव्हां चौदा-पंधरा वर्षांच्या या मुलाकडे वडिलांचा दरक आला.

वंशपरंपरेचा दरक म्हणजे आयतें बसावयाचें, असा समज करून घेण्याचें कारण नाहीं. पानिपताहून जीव वांचवून परत आल्यावर नानांचीं पुढील दहा वर्षें थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दींत, बहुतांशीं दप्तराच्या कामांत गेलीं. पेशवे मोहिमेवर असतां पुण्याकडील कारभाराची जबाबदारी त्यांच्यावर पडे. आणि फडणिशींत चुलत घराण्यांतील मोरोबादादांचाही हात असल्यामुळें कामांत कसूर झाली तर दाखविणारा घरांतच होता. कोणती मामलत किती वसूल देते, कोणाची बाकी किती वर्षांची आहे, कोणत्या सरदाराचा सरंजाम किती व फौज किती, हें सर्व ज्याच्या डोळ्यांखालून रोज जातें त्यास राज्य आंतून कळतें. १७७४ त बारभाईंच्या कारस्थानांत नाना पुढें आले त्यास हें ज्ञान मुख्यतः कारण झालें, असें आम्ही समजतों.

६. हुजुरांतील हें दप्तर केवढें होतें याची कल्पना इंग्रजी अंमलाच्या आरंभीं केलेल्या चौकशीवरून येते. भरभराटीच्या काळीं त्यांत दोनशेंहून अधिक कारकून होते. दप्तराचे दोन मुख्य भाग : एक चालतें दप्तर, दुसरें एकबेरीज दप्तर. चालतें दप्तर प्रत्यक्ष फडणिसाच्या ताब्यांत असून त्याच्या फडांतून सनदा व हुकूम सुटत, आणि महालोमहालचे हिशेब येथेंच तपासले जात. एकबेरीज दप्तर नेहमीं पुण्यास राही. तेथें सर्व खात्यांचे हिशेब येऊन पडत, त्यांची वर्गवारी होई, व वर्षाची जमा, खर्च व शिल्लक यांचे गोषवारे निघत.

फडाच्या हातांतील मुख्य शस्त्र म्हणजे बेहेडा. वर्ष सुरू होण्याच्या सुमारास प्रत्येक मामलतीची अपेक्षित जमा आणि मंजूर खर्च यांचा जो अजमास बांधून देत तो बेहेडा. वर्षाअखेर मामलतदाराचा हिशेब आला कीं तो बेहेड्याशीं ताडून पाहावयाचा. बेहेड्याबाहेरचा खर्च दिसला तर त्याचा जाब विचारावयाचा. मामलतदारानें वसुलापोटीं आगाऊ भरलेली रसद, तिजवरील व्याज, परस्पर वराता लावून दिलेल्या रकमा, आणि शेवटीं राहिलेली बाकी हीं सर्व एकमेकांत गुंतलेलीं असत. तीं उलगडण्यास दरकदारांकडून आलेल्या कीर्दी व तेरजा हाच आधार. मामलतदार सांगतो तें एका हातीं, व त्याच्या कचेरींतील दरकदार लिहितो तें दुसऱ्या हातीं, असें फडणिसापुढें दुहेरी येई.

७. येथवर व्यवस्थेचा चांगला भाग झाला. दुसरी बाजू न सांगणें हें इतिहासाशीं प्रामाणिक होणार नाहीं.

पहिला दोष वंशपरंपरेचा. ज्या नियमानें दरकदार मामलतदारापासून निर्भय झाला, त्याच नियमानें तो सरकारच्या धाकांतूनही हळूहळू सुटला. बाप हिशेबांत निपुण म्हणून मुलगा तसा असेलच असें नाहीं. मग मुलानें दरकाची नेमणूक घ्यावी व काम गुमास्त्यानें करावें, असें होऊं लागलें. गुमास्त्याची भाकर मात्र दरकदाराच्या हातीं. म्हणजे जी स्वतंत्रता हा दरकाचा प्राण, ती प्रत्यक्ष लिहिणाराच्या वांट्यास आलीच नाहीं. दुसरा दोष अंतस्थाचा. हिशेबांत न दाखवितां वरिष्ठांस पोंचविली जाणारी जी गुप्त रक्कम तिला अंतस्थ म्हणत. एल्फिन्स्टननें १८१९ च्या आपल्या अहवालांत या प्रकाराची नोंद केली आहे. नजर ठेवणारा व ज्यावर नजर ठेवावयाची तो, असे दोघेही वांटेकरी झाले म्हणजे तीन हातांच्या तीन वह्या परस्परांशीं चोख जुळूनही खोट्या ठरतात. वह्यांचा मेळ ही सत्याची खूण खरी, परंतु पुरावा नव्हे; हें आजच्या संशोधकानेंही विसरूं नये.

तिसरा दोष अधिक खोल आहे, व तो नानांच्या थोरवीशींच जोडलेला आहे. फडणीस हा तपासणारा. तोच राज्याचा कारभारी झाल्यावर करणारा व तपासणारा एकच झाले. नानांच्या हयातींत याचा दुष्परिणाम फारसा दिसला नाहीं. त्यांच्या वेळीं मामलतदार अब्रूदार असत व बहुधा वर्षानुवर्षें कायम ठेवले जात, अशीच साक्ष एल्फिन्स्टननें दिली आहे. परंतु याचा अर्थ असा कीं, सर्व व्यवस्था एका मनुष्याच्या डोळ्यांवर टेकलेली होती. १३ मार्च १८०० रोजीं ते डोळे मिटले. दुसऱ्या बाजीरावाच्या अंमलांत मामलती अधिक बोली करणारास मक्त्यानें जाऊं लागल्या. सरकारास ठरलेली रक्कम मिळाली म्हणजे पुरे, ती कशी उभी राहिली हें पाहण्याची गरज वाटेनाशी झाली. मग बेहेडा कशाला आणि तेरीज कोणासाठीं? हुजूर दप्तराची आबाळ झाली, कारकून कमी झाले, आणि दप्तरांतील कागद लोक बाहेर घेऊन गेले तरी कोणी हरकत करीना, अशी नोंद इंग्रज अधिकाऱ्यांनीं करून ठेवली आहे. ज्या वर्षीं राज्य बुडालें त्याच्या कितीतरी आधीं राज्याचें स्वतःकडे पाहणें बंद झालें होतें.

८. आतां संग्राहकांस चार शब्द. हे बाहेर गेलेले कागदच आज ठिकठिकाणच्या घरांतून व बाजारांतून आपल्या हातीं येतात. तेव्हां ते कसे पाहावे हें सांगणें अप्रस्तुत होणार नाहीं.

हुकूम किंवा वरात मिळाली असतां केवळ मायना व शिक्का वाचून थांबूं नये. शेवटीं 'मोर्तब सूद' असेल तर मोर्तब, म्हणजे लहान शिक्का, झाला असें समजावें. 'सूद' हें फारशी 'शुद', म्हणजे 'झालें', याचें रूप होय. 'बार' हा शेरा कागद दप्तरीं चढल्याचा, व 'रुजू' हा पडताळून पाहिल्याचा. हे शेरे मूळ मजकुराच्याच हातचे आहेत कीं दुसऱ्या हातचे, तें बारकाईनें पाहावें. सर्वच अक्षर एका हाताचें असेल तर कागद नक्कल असण्याचा संभव मनांत आणावा. कागद खोटा असें मात्र तेवढ्यावरून म्हणूं नये. तारीख व मजकूर यांची शाई व लेखणीचें टोंक निराळें दिसलें तर तो दोष न मानतां गुणच मानावा, कारण तारीख फडणिसाची.

हिशेबी कागदांत 'छ' नंतर येते ती चांद्र तारीख, आणि वर्ष बहुधा शुहूर सनाचें असतें. 'इहिदे सबैन मया व अलफ' म्हणजे ११७१. यांत ५९९ किंवा ६०० मिळविले कीं इसवी सन १७७०-७१ येतो. हें वर्ष मृगापासून सुरू होत असल्यामुळें एका सालाचा ताळेबंद दोन इसवी सनांत पसरलेला असतो. सालवारी लावतांना हें न सांभाळल्यास वरात एका वर्षाची व तिची कीर्द दुसऱ्या वर्षाची समजून दोन्ही वेगळीं पडतात.

सर्वांत महत्त्वाची विनंति शेवटीं करतों. रुमाल जसा बांधलेला मिळेल तसा त्याचा क्रम उतरून घेतल्याशिवाय तो मोडूं नये. आणि शिक्क्याचे कागद काढून घेऊन आंकड्यांचे बंद टाकूं नयेत. आठ दरकदार ज्या कचेरींत एकमेकांवर साक्षी म्हणून बसले होते, त्या कचेरीचें तें शेवटचें एकत्र बसणें आहे. गणेश चिमणाजी वाड यांनीं पेशव्यांच्या रोजनिशींतून केलेले उतारे, व १९३० ते १९३४ या काळांत रियासतकार सरदेसाई यांच्या देखरेखीखालीं निघालेले पेशवे दप्तराचे ४५ भाग यांनीं केवढें काम झालें तें सर्वश्रुत आहे. परंतु पुण्याच्या दप्तरांतील हजारों रुमालांपैकीं फार मोठा भाग हिशेबाचाच आहे, आणि तो वाचणारे फार थोडे. ज्यांच्या घरीं एखाद्या महालाची कीर्द, खतावणी किंवा तेरजेचा तुकडा असेल त्यांनीं तो महाल, तें साल, आणि दिसणाऱ्या निरनिराळ्या अक्षरांची संख्या एवढें तरी टिपून ठेवावें. त्याचा जोडीदार दुसऱ्या कोणाच्या रुमालांत निघण्याचा संभव आहे. आणि तसा निघाला तर दोनशें वर्षांपूर्वीं फडावर जो ताळा पाहावयाचा राहून गेला, तो आपल्यास पाहतां येईल.